रुळाची रेघ येण्याआधी आपल्या वावराची रेघ

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर भागातल्या गावकऱ्यांपुढे एका तरुण कार्यकर्त्याने केलेले भाषण. सायक्लोस्टाइलवर नकाशा नीट उठत नाही, म्हणून भिंतीवर दाखवलेली चित्रे इथे शब्दांत दिली आहेत.)



मला आज कॉम्प्युटरवरच्या नकाशाबद्दल बोलायला सांगितलं आहे. मी बारावीपर्यंत शिकलो, इंजिनीअर नाही. पण हा नकाशा चालवायला इंजिनीअर लागत नाही. आपल्या पाड्यातला नाला कुठून निघतो आणि कुठे मिळतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं निम्मं काम झालेलंच असतं. बाकीचं निम्मं पोरं शिकवतील.

विषय रेल्वेचा आहे. गेल्या काही महिन्यांत बाजाराच्या दिवशी लोक सारखं विचारतात, "भाऊ, रेल आपला वावरमाईन जाई का?" कोणी पेपर दाखवतो, कोणी मोबाईलवर आलेला फोटो दाखवतो. त्या फोटोत लाल रेघ असते, ती डोंगर, नदी, गाव काही बघत नाही, सरळ जाते. तो फोटो कोणी काढला विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. आज आपल्याला या लाल रेघेचा निकाल लावायचा आहे.

आधी खरं काय ते बघू. मनमाड ते इंदूर या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राच्या मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशनं, आणि काम २०२८-२९ पर्यंत पुरं करायचं असं सरकारनं सांगितलं. हा मार्ग मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर असा येऊन पुढे सेंधव्याकडे चढतो. धुळ्याजवळ बोरविहीर ते नरडाणा हा तुकडा तर त्याच्या आधीपासून हातात घेतलेला आहे. जळगाव जिल्ह्याचंही आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात भुसावळ ते खंडवा तिसरी आणि चौथी लाइन, १३१ किलोमीटर, आणि जळगाव ते मनमाड चौथी लाइन, १६० किलोमीटर, मंजूर झाल्या. भुसावळ-खंडवा लाइन रावेरवरून जाते, हे रावेरच्या लोकांना सांगायला नको. तिथे जुन्या रुळाच्या बाजूलाच नवे रूळ पडतील, म्हणजे अंदाज सोपा. शिरपूर-सेंधव्याकडे मात्र रूळ आजवर कधी नव्हताच. तिथे सगळं आधी कागदावर आणि कॉम्प्युटरवर तयार होतं. जमिनीवर खुंटी ठोकायच्या आधी ती गाडी कॉम्प्युटरवर धावून झालेली असते.

शहरात काही पोरं कॉम्प्युटरवर रेल्वे चालवण्याचा खेळ खेळतात. खरा मार्ग घ्यायचा, सॅटेलाइटच्या नकाशावरून वळणं, पूल, चढ, स्टेशनं मोजायची आणि घरात बसून त्यावर खोटी गाडी चालवायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं, एवढा वेळ यांना मिळतो कुठून? पण नीट बघितल्यावर समजलं, ही पोरं जे करतात तेच आपल्यालाही करायचं आहे. नसलेला रूळ नकाशावर टाकून बघायचा. फरक इतकाच की त्यांच्या रुळाखाली कोणाचं वावर जात नाही.

सॅटेलाइटचं चित्र आपल्याला नवं नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख. त्या तारखेआधीपासून खेडतोय हे दाखवायचं होतं. किती दावे नामंजूर झाले आणि कारण काय लिहिलं, तर सॅटेलाइटच्या चित्रात शेती दिसत नाही. ते चित्र कसं असतं ते समजून घ्या. लँडसॅट नावाच्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटर. एक एकर वावर म्हणजे त्यात चार-साडेचार ठिपके! चार ठिपक्यांत काय दिसणार? त्यात आपली माणसं वावरातला महू तोडत नाहीत, चारोळीचं झाड ठेवतात, बांधावर साग उभा असतो. वरून बघणाऱ्याला ते जंगलच वाटतं. उन्हाळ्यातलं चित्र घेतलं तर वावर पडीक, पावसाळ्यातलं घेतलं तर सगळंच हिरवं. पीक कापून झाल्यावरचं, डिसेंबर-जानेवारीतलं चित्र बघितलं तर बांध आणि चौकोन उठून दिसतात.

म्हणूनच कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा स्पष्ट लिहिलं की सॅटेलाइटचं चित्र दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून घ्यायचं, त्याची जागा ते घेऊ शकत नाही. नियम १२-अ मध्ये आहे, लिहून ठेवा. आपल्या शेजारी गुजरातमध्ये, डेडियापाडा-सागबारा भागातल्या दाव्यांवरून प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. २०१३ साली कोर्टानं सांगितलं की फक्त चित्रावर बोट ठेवून दावा फेटाळता येत नाही, बाकी पुरावे बघावे लागतील. तिथल्या गावांनी काय केलं होतं, तर गावातल्या पोरांनीच जीपीएस घेऊन प्लॉट मोजले आणि स्वतः चित्र मिळवून त्यावर ठेवले. साहेबानं चित्र दाखवलं, तर गावानंही चित्र दाखवलं, वर दंडाची पावती आणि म्हाताऱ्यांचा जबाब जोडला.

तेच हत्यार आता रेल्वेसाठी वापरायचं आहे.

आता भिंतीवर बघा. हे गूगल अर्थ प्रो. २०१५ पासून फुकट आहे. वर घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबलं की जुनी चित्रं येतात, हा दांडा मागे सरकवायचा. आधी हे फक्त कॉम्प्युटरवर बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये होतं, २०२४ मध्ये गूगलनं ते मोबाईलवर पण आणलं. म्हणजे आता बांधावर उभं राहून जुनं वर्ष बघता येतं. मात्र प्रत्येक गावाचं प्रत्येक वर्षाचं चित्र त्यात नसतं. एखाद्या पाड्यावर दोन चित्रांच्या मध्ये चार-चार वर्षं जातात. दुसरं सरकारी आहे, इस्रोचं भुवन. ते २००९ पासून आहे, आणि कचेरीत दाखवायला सरकारी नाव असलेलं बरं पडतं.

हे पट्टीचं चिन्ह. त्यातून 'पाथ' घ्यायचा, म्हणजे रेघ. नरडाण्यापासून तापी ओलांडून शिरपूर, आणि शिरपूरहून सेंधव्याकडे मी रेघ ओढतो. आता या रेघेवर उजवं बटण दाबून 'एलेव्हेशन प्रोफाइल' म्हटलं की खाली हा डोंगरासारखा आलेख येतो. कुठे किती चढ ते दिसतं. ही गोष्ट फार कामाची आहे. बैलगाडी चढते तिथे रेल्वे चढत नाही. मुंबईला जाताना कसाऱ्याचा घाट लागतो, तिथे चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एवढ्यासाठी गाडीला जादा इंजिन लावावं लागतं. नव्या मार्गावर इतका चढ कोणी ठेवू बघणार नाही. समजा १०० ला १ धरला, तर १ किलोमीटरला १० मीटरच वर जाता येतं. ३०० मीटर उंची चढायची तर ३० किलोमीटर रूळ पाहिजे. एवढा सरळ चढ सातपुड्यात कुठे आहे? मग गाडी एक तर नाल्याच्या कडेकडेनं वळसे घेत जाणार, नाहीतर बोगद्यातून.

आता मोबाईलवरचा तो लाल रेघेचा फोटो आठवा. सरळ डोंगराच्या डोक्यावरून गेलेला. ती रेघ कोणीतरी पट्टी ठेवून ओढली आहे, तो मार्ग नाही. दोन मिनिटांत कळतं. आणि हे कळणं गरजेचं आहे, कारण ती रेघ दाखवून फिरणारे दलाल आहेत. एका गावात एक जण म्हणे, तुमच्या जमिनीतून रेल्वे जाणार, सरकार काही देणार नाही, त्यापेक्षा मला लिहून द्या. दुसऱ्या गावात उलट, इथे स्टेशन होणार, भाव येईल, आत्ता इसार घ्या. दोन्ही गावात माणूस तोच! भावांनो, वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कायद्याचं कलम ४ आहे. आणि आदिवासीची सात-बाऱ्याची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला जात नाही. कोऱ्या स्टँपवर अंगठा देऊ नका.

पण चढ कळला म्हणजे मार्ग कळला असं नाही. आपण काढतो तो अंदाज. म्हणून माझा एक हट्ट आहे. अंदाजाची रेघ पिवळी ठेवायची आणि तिच्या नावातच 'अंदाज' हा शब्द लिहायचा. ती फाइल व्हॉट्सअपवर टाकायची नाही, समितीच्या पेनड्राइव्हमध्येच ठेवायची. नाहीतर आपलीच रेघ फिरून आठ दिवसांनी दलालाच्या मोबाईलवर दिसेल.

खरी रेघ कुठे मिळते ते सांगतो. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची असली की रेल्वेला केंद्राच्या परिवेश नावाच्या वेबसाइटवर प्रस्ताव टाकावा लागतो. त्याच्यासोबत केएमएल नावाची फाइल असते. ही फाइल म्हणजे तीच रेघ, अक्षांश-रेखांशासकट. उतरवून घेतली आणि गूगल अर्थमध्ये उघडली की आपल्या पाड्यावर जाऊन बसते. ती लाल ठेवा. प्रत्येक समितीतल्या एका पोरानं किंवा पोरीनं महिन्यातून एकदा ते पान उघडून आपल्या जिल्ह्याचे प्रस्ताव बघायचे. सेतू केंद्रात बसून होतं.

आता मुख्य गोष्ट. ती फाइल उतरवून आपण बघणार काय? जर नकाशावर आपलं काहीच टाकलेलं नसेल तर लाल रेघ आणि खाली हिरवं जंगल, एवढंच दिसेल. साहेबालाही तेवढंच दिसतं. सात-बाऱ्याची जमीन असली की कागदावर गट नंबर येतो, मालकाचं नाव येतं, नोटीस येते. वनजमिनीचं काय येतं? कक्ष क्रमांक. मोठा कक्ष, त्याला एक आकडा, मालक वनखातं. त्यात खेडणारी चाळीस घरं असली तरी कागदावर एकही माणूस नाही. पट्टा मिळाला असेल तर गोष्ट वेगळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालक कोण याची व्याख्या दिली आहे, त्यात वनहक्क मिळालेला माणूसही मालकच धरला आहे. पण ज्याचा दावा उपविभागीय समितीत पडून आहे, ज्याचं अपील जिल्हा समितीत धूळ खातंय, तो कोणाच्याच कागदात नाही. कायदा म्हणतो, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही, कलम ४ चं पोटकलम ५. पण दावेदार कुठे बसला आहे हेच नकाशावर नसेल तर हटवला की नाही हे तरी कोण सांगणार?

एका कचेरीत मी आणि समितीचे दोघे दाजी गेलो होतो. प्रलंबित दाव्यांची यादी मागितली. तिथले साहेब म्हणाले, यादी आहे, पण नकाशा नाही, कोणता दावा कुठे ते आम्हाला सांगता येणार नाही. दाजी म्हणाले, साहेब, आम्हाला सांगता येतं, तुम्ही लिहून घ्या. साहेब हसले. नंतर आम्ही नकाशा करून नेला तेव्हा हसले नाहीत, आवक नंबर टाकून घेतला. नाव कचेरीचं घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच आहे.

संमतीचा विषय कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पर्यावरण मंत्रालयाचं पत्रक आलं होतं, वनजमीन वळती करायची तर ग्रामसभेची संमती पाहिजे. मग २०१३ च्या फेब्रुवारीत दुसरं पत्रक आलं. रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या तारा अशा लांबट पट्ट्याच्या कामांना त्या संमतीतून सूट, आदिम जमातींचे हक्क बाधित होत असतील तेवढं सोडून. रेल्वेही लांबट पट्टाच. म्हणून ग्रामसभेनं नाही म्हटलं की रेल्वे थांबली, असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. मला हे बोलायला आवडत नाही, पण उद्या तुम्ही साहेबापुढे जाऊन तेच म्हणाल आणि तो पत्रक काढून दाखवील, त्यापेक्षा आज ऐकलेलं बरं.

पण संमतीतून सूट दिली, हक्क निश्चित करण्यातून सूट दिलेली नाही. त्या पट्ट्यातले वनहक्क ठरवण्याचं काम पुरं झालं, असं कलेक्टरला लिहून द्यावं लागत होतं. २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी राज्य सरकारकडे सरकवली, केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्काची पूर्तता मागून, असा उलटा क्रम लावला. तरीही जमीन ताब्यात देण्याआधी ती पूर्तता व्हायलाच पाहिजे. आपला नकाशा इथे लागतो. लाल रेघेखाली आपले प्रलंबित प्लॉट नावानिशी, दाव्याच्या पावती नंबरासह दाखवले आणि ते आधीच कचेरीत आवक झालेले असले, की 'इथे कोणाचा हक्क बाकी नाही' असं लिहिणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागेल.

सात-बाऱ्यावाल्यांसाठी वेगळं. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात कलम २०-अ आहे, त्यात जमीन घ्यायचा इरादा जाहीर होतो. दोन पेपरांत छापावं लागतं, त्यातला एक इथल्या भाषेतला. तिथून ३० दिवसांच्या आत हरकत घेता येते. ३० दिवस! आपल्याकडे पेपर तिसऱ्या दिवशी वडे गुंडाळून येतो. नोटीस आल्यावर मोजणी करू, नकाशा काढू म्हटलं तर महिना असाच जातो.

मोजायचं कसं, तेही थोडं बोलतो. मोबाईलचं जीपीएस चालतं, पण ते पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, झाडाखाली आणि घळीत जास्त. म्हणून कोपऱ्यावर जाऊन लगेच बटण दाबायचं नाही, दोन-तीन मिनिटं थांबायचं. ज्याचं वावर आहे तो आणि शेजारच्या चारही बांधांचे खेडणारे सोबत पाहिजेत, म्हणजे भांडण तिथेच मिटतं. बाईचं नाव घालायला विसरू नका, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो.

आणि फक्त वावर मोजून थांबू नका. एका पाड्यात पोरांनी सगळी वावरं टाकली आणि नकाशा झाला म्हणून उठायला लागली. एक आजी मागे बसली होती. ती म्हणाली, माझी ढोरं पाण्यावर कुठून जातात ते यात कुठे आहे? मग पोरं परत बसली. ढोरांची वाट, झिरा, मसणवटीची जागा, वाघदेवाचं ठाणं, टेमरूची पानं तोडतो तो डोंगर, पोरं शाळेत जातात ती पायवाट, हे सगळं आलं. मला वाटतं त्या आजीनं आमच्यापेक्षा जास्त काम केलं. कारण रेल्वेनं गेलेली जमीन मोजता येते. समजा ३० मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एका किलोमीटरला ३ हेक्टर, म्हणजे साडेसात एकर. भराव किंवा खोदाई आली की आणखी रुंद. पण रूळ पडल्यावर पाडा अलीकडे आणि पाणी पलीकडे झालं तर त्याचा भाव कोणत्या तक्त्यात आहे? फाटकं तर रेल्वे बंदच करत चालली आहे, त्याऐवजी वरून पूल नाहीतर खालून रस्ता देते. खालचा रस्ता पावसाळ्यात पाण्यानं भरतो, हे तुम्ही ठिकठिकाणी बघितलं असेल. तो रस्ता कुठे पाहिजे आणि किती उंच पाहिजे, म्हणजे चाऱ्याची गाडी जाईल, हे आराखडा व्हायच्या आधी मागावं लागतं. नकाशावर ढोरांची वाट दिसत असेल तरच मागता येतं. सामूहिक वनहक्काच्या दाव्यालाही हाच नकाशा लागतो, तो वेगळा करायला नको.

काही जण म्हणतील, हा रेल्वेच्या विरोधात बोलतोय. मी विरोधात नाही. आपली माणसं ऊसतोडीला जातात, सुरतेला जातात, पिकअपमध्ये उभी राहून रात्रभर जातात. गाडी आली तर बसूच. पण एक इतिहास लक्षात असू द्या. १८६० च्या दशकात भुसावळवरून पहिली रेल्वे गेली. रुळाखाली लाकडाचे स्लीपर लागायचे. इंग्रजांना साग पाहिजे होता, म्हणून १८६४ मध्ये वनखातं काढलं, १८६५ आणि १८७८ मध्ये जंगलाचे कायदे केले. ज्या रेघेआड आपण आजवर 'अतिक्रमणवाले' ठरलो, ती रेघ ओढण्यामागे रेल्वेची भूक हे एक मोठं कारण होतं. त्या वेळी नकाशा फक्त त्यांच्याकडे होता.

आता कामाचं. ज्या गावांनी मोबाईल आणलेत त्यांनी जेवणानंतर झाडाखाली बसायचं, पोरी आधी शिकतील, त्यांना कॉम्प्युटरजवळ जागा द्या. शिरपूर भागातल्या समित्यांनी नरडाणा-शिरपूर-सेंधवा पट्ट्यातले प्रलंबित दावे आधी घ्यायचे. रावेरवाल्यांनी जुन्या रुळाच्या दोन्ही अंगांनी कोणाचं वावर, कोणाचं घर, कुठे ओलांडायची वाट, ते टाकायचं. यावल आणि चोपड्यातल्या दाव्यांचा नकाशाही थांबवू नका. दाव्याची पावती, दंडाची पावती, म्हाताऱ्यांचे जबाब, नामंजुरीचं पत्र असेल तर तेही, सगळ्यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, मलासुद्धा. नकाशा झाला की तो ग्रामसभेत भिंतीवर लावायचा, वाचून दाखवायचा, दुरुस्त्या घ्यायच्या, ठराव करायचा, आणि मग दोन प्रती घेऊन कचेरीत जायचं. एक तिथे, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती फाइलला लावा.

कोणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, लाइट चार वाजता जाते.